जोड्या लावा, पण अंदाजाने नको

इंग्रजीच्या पेपरात 'जोड्या लावा' हा प्रश्न दिसला की मुलांना हायसं वाटतं. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये रेघा ओढायच्या. लिहायला कमी आणि गुण हमखास. शब्दसंग्रह वाढवायची एक फार चांगली पद्धत याच प्रश्नात आहे, पण पेपर संपला की आपण ती टाकून देतो. हा लेख त्या पद्धतीबद्दल आहे. पारनेर तालुक्यात मराठी माध्यमातून शिकणारी मुलं, अकरावी सायन्सला गेल्यावर इंग्रजी पुस्तकापुढे अडलेली मुलं, सुप्याच्या एमआयडीसीत मुलाखतीला जाणारे तरुण, तलाठी किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी करणारे, या सगळ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी तो लिहिला आहे.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मुलाने दहा वर्षं इंग्रजी शिकलेली असते. तरी तोंडातून वाक्य निघत नाही, कारण शब्द ऐनवेळी आठवत नाही. वाचताना तोच शब्द ओळखीचा वाटतो, बोलताना मात्र सापडत नाही. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. आपल्या अभ्यासात पहिल्याचीच तयारी होते, दुसऱ्याची होत नाही.

इंग्रजी शब्दापुढे मराठी अर्थ लिहून पाठ करण्याची आपली 'शब्दार्थां'ची वही टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या किती तरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. काकडी, नांगर, खिडकी अशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंना मराठी शब्द पुरतो. 'कुकुंबर'ची व्याख्या पाठ करण्यात कुणी वेळ घालवू नये. अडतं ते 'रिमाइंड', 'अफोर्ड', 'डिझर्व्ह', 'रिलक्टंट' अशा शब्दांपाशी. 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड' या दोन्हींपुढे वहीत 'आठवण' लिहिलेलं असतं. मग 'उद्या मला आठवण कर' हे सांगताना मुलगा म्हणतो, 'रिमेंबर मी टुमारो'. व्याख्या पाहिली असती तर ही चूक झाली नसती. रिमेंबर म्हणजे आपण स्वतः लक्षात ठेवणं, रिमाइंड म्हणजे दुसऱ्याला विसरू न देणं. 'अफोर्ड'चंही तसंच. मराठीत वस्तू आपल्याला परवडते, इंग्रजीत माणूस वस्तू 'अफोर्ड' करतो. वाक्याचा कर्ताच बदलतो. 'परवडणे' एवढंच पाठ केलेल्या मुलाला हे कधी कळत नाही, व्याख्येत मात्र ते सरळ दिसतं: एखादी गोष्ट घेण्याइतका पैसा किंवा वेळ जवळ असणं.

म्हणून दिसणाऱ्या वस्तूला मराठी शब्द आणि क्रिया, गुण, भावना, कल्पना यांना सोप्या इंग्रजीतली व्याख्या, अशी वाटणी करा.

व्याख्या सोप्या इंग्रजीत हवी, हे महत्त्वाचं. या कामाचा पाया आपल्याच उपखंडात घातला गेला. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना नेमकं काय अडतं, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९३५ साली त्यांनी एंडिकॉट यांच्यासोबत एक कोश काढला. त्यात २४,००० हून अधिक शब्द आणि वाक्प्रयोग फक्त १,४९० सोप्या शब्दांत समजावले होते. म्हणजे तेवढे शब्द येत असले की बाकीच्या शब्दांचं दार उघडलं. पुढे १९७८ साली लाँगमनच्या विद्यार्थी-कोशाने हीच रीत धरून व्याख्यांसाठी सुमारे २,००० शब्द ठरवून घेतले. ऑक्सफर्डचा हॉर्नबी यांनी केलेला विद्यार्थी-कोश तर आधी १९४२ साली जपानमध्ये छापला गेला. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही, त्यांच्यासाठीच हे कोश तयार झाले. डिक्शनरी घेताना हे लक्षात असू द्या. इंग्रजांनी इंग्रजांसाठी लिहिलेल्या जाडजूड कोशात एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दाने दिलेला असतो आणि मूल हिरमुसून पुस्तक मिटतं. मुखपृष्ठावर 'लर्नर्स' हा शब्द पाहूनच घ्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश मोबाइलवर फुकट पाहता येतात, आणि स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवलं की उच्चारही ऐकू येतो.

व्याख्येची बांधणी एकदा कळली की ती पाठ करावी लागत नाही. तिच्यात दोन गोष्टी असतात: हा शब्द कशाच्या गटातला आणि त्या गटात तो वेगळा कशाने. 'ऑर्फन' म्हणजे 'अ चाइल्ड हूज पेरेंट्स आर डेड'. गट मुलाचा, वेगळेपण आईवडील नसण्याचं. व्याख्येची सुरुवातही बोलकी असते. 'अ पर्सन हू' म्हटलं की माणूस, 'अ प्लेस व्हेअर' म्हटलं की ठिकाण, 'टू' म्हटलं की क्रियापद. हुशार मुलं जोड्या लावताना नेमका याचाच फायदा घेतात. चार नामं, तीन क्रियापदं आणि एक विशेषण असा संच असेल, तर विशेषणाची जोडी अर्थ न कळताच लागते. परीक्षेत याने गुण मिळतात. शिकण्याच्या दृष्टीने ती जोडी वाया गेली.

म्हणूनच घरी संच करताना काही पथ्यं पाळा. एका संचात आठ-दहा शब्दच घ्या आणि ते सगळे एकाच जातीचे असू द्या: सगळी क्रियापदं किंवा सगळी विशेषणं. शब्द आठ असतील तर व्याख्या दहा ठेवा, जास्तीच्या दोन कुठेच न जुळणाऱ्या. आठाला आठ ठेवल्या तर सात आलेल्या मुलाला आठवी आपोआप मिळते. इतकंच काय, एकही शब्द न येणाऱ्याने डोळे मिटून रेघा ओढल्या तरी सरासरी एक जोडी बरोबर येतेच, हे गणिताने सिद्ध करता येतं. दोन फालतू व्याख्या घातल्या की शेवटची जोडी आपोआप लागण्याची सोय बंद होते आणि प्रत्येक शब्दाचा विचार करावाच लागतो.

तिसरं पथ्य लोकांना पटत नाही, पण ते मोलाचं आहे. सारख्या अर्थाचे, उलट अर्थाचे किंवा सारख्या उच्चाराचे नवे शब्द एकाच दिवशी, एकाच संचात घेऊ नका. 'बॉरो' आणि 'लेंड' एकत्र शिकवले की उसनं घेणं कोणतं आणि देणं कोणतं, हा गोंधळ जन्मभर राहतो. अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकल्याने उलट अवघड जातात, हे १९९०च्या दशकात संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं. आज 'बॉरो' शिका. तो पक्का झाला की दोन आठवड्यांनी 'लेंड' शिका. मग दोघांना एका संचात आणून फरक तपासा. बाजारातल्या समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या पुस्तिका याच्या नेमक्या उलट चालतात. त्या उजळणीला ठेवा, शिकण्याची सुरुवात त्यांच्यापासून करू नका.

आता प्रत्यक्ष काम. जुन्या लग्नपत्रिका घरात पडलेल्या असतातच. त्यांचा कागद जाड असतो. मागची कोरी बाजू वर घेऊन पत्त्यांएवढे तुकडे कापा. एका तुकड्यावर शब्द, दुसऱ्यावर व्याख्या. व्याख्या कोशातून जशीच्या तशी उतरवू नका. वाचा, कोश मिटा आणि आपल्या शब्दांत लिहा. वाक्य मोडकं झालं तरी चालेल, नंतर कोश उघडून दुरुस्त करा. ही दुरुस्ती करतानाच निम्मा शब्द डोक्यात बसतो.

पहिल्या दिवशी सगळे तुकडे जमिनीवर पसरून जोड्या लावा, प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारून. दुसऱ्या दिवशी शब्दांचे तुकडे बाजूला ठेवा, नुसती व्याख्या वाचा आणि शब्द तोंडाने सांगा, मग स्पेलिंगसह लिहा. इथे मुलं अडखळतात. अडखळू द्या, लगेच उत्तर दाखवू नका. शब्द आठवायला लागणारा तो जोरच उपयोगी पडतो. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलं. तिसऱ्या दिवशी प्रत्येक शब्दावर एक वाक्य, आणि ते आपल्या गावाबद्दल, घराबद्दल, खऱ्या माणसाबद्दल असावं. 'रिलक्टंट' शिकलात तर आजोबा दवाखान्यात जायला कसे तयार नसतात, ते लिहा.

पुढचं काम तीन डब्यांचं. सगळे तुकडे पहिल्या डब्यात ठेवा आणि तो रोज उघडा. व्याख्येवरून शब्द बरोबर आला की तुकडा दुसऱ्या डब्यात जातो, तो तीन दिवसांनी उघडायचा. तिथेही बरोबर आला की तिसऱ्यात, तो आठवड्याने. चुकला तर तुकडा कुठल्याही डब्यातून थेट पहिल्यात परत. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७०च्या दशकात जर्मनीत लोकप्रिय केली. तिच्यामागचं कारण त्याहून जुनं आहे. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. रविवारी एकदम पन्नास शब्द घोकून पुढच्या रविवारपर्यंत वही न उघडणाऱ्याचे कष्ट वाया जातात.

शब्द कुठून आणायचे? पहिला मान पाठ्यपुस्तकातल्या चालू धड्याचा. दुसरा आपल्या आजूबाजूचा, आणि इथे पारनेरकरांना जे हाताशी आहे ते शहरातल्या मुलांना नाही. १९७५ नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामं उभी राहिली. आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यातल्या मुलांनी बांध, समतल चर, पाझर तलाव, गाळ हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात याच गोष्टी 'बंड', 'कॉन्टूर', 'पर्कोलेशन', 'सिल्ट', 'रनऑफ', 'इरोजन', 'अ‍ॅक्विफर' या नावांनी येतात. झाला की एक संच, आणि सगळी नामं! 'रनऑफ' : 'रेनवॉटर दॅट फ्लोज ओव्हर द ग्राउंड इन्स्टेड ऑफ गोइंग इंटू इट'. 'पर्कोलेशन' : 'द स्लो मूव्हमेंट ऑफ वॉटर डाउन थ्रू सॉइल'. 'अ‍ॅक्विफर' : 'अ लेयर ऑफ रॉक ऑर सॉइल दॅट होल्ड्स वॉटर अंडरग्राउंड'. पहिल्या पावसात उतारावरून वाहणारं गढूळ पाणी आणि पाझर तलावाखालच्या विहिरीला वाढलेलं पाणी ज्याने पाहिलं आहे, त्याला या व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. कल्पना त्याच्याकडे आहेच, फक्त नाव जोडायचं आहे.

निघोजच्या कुंडाचंही पाहा. कुकडी नदीच्या पात्रात पाण्याने खडकात कोरलेले रांजणखळगे पाहायला लांबून लोक येतात. त्यांना इंग्रजीत 'पॉटहोल' म्हणतात, आणि रस्त्यावरच्या खड्ड्यालाही 'पॉटहोल'च म्हणतात. कोशात एका शब्दाखाली दोन व्याख्या, क्रमांक देऊन. जोड्यांच्या प्रश्नात त्यातली एकच येते आणि शब्दाला एकच अर्थ असतो असं मुलांना वाटू लागतं. सायन्सच्या मुलांना याचा फार त्रास होतो. 'सोल्यूशन' म्हणजे उत्तर हे त्यांना ठाऊक असतं, पण रसायनशास्त्रात ते द्रावण असतं. एमआयडीसीत 'टॉलरन्स' म्हणजे सहनशीलता नव्हे, तर मापात चालणारा कमी-जास्तपणा. तेव्हा तुकड्याच्या कोपऱ्यात विषय लिहून ठेवा: केमिस्ट्री, वर्कशॉप, रोजचं बोलणं. एका शब्दाचे दोन अर्थ लागत असतील तर दोन तुकडे करा.

आयटीआय करून सुप्याला कामाला जाणाऱ्या मुलांनी तर रोज समोर दिसणाऱ्या फलकांवरूनच संच बनवावेत. 'रीवर्क', 'रिपेअर' आणि 'स्क्रॅप' हे तिन्ही शब्द खराब मालासाठीच येतात, पण व्याख्या वेगळ्या आहेत; तेव्हा ते एकेक करून शिका आणि पक्के झाल्यावरच एका संचात आणा. 'रीवर्क' केल्यावर वस्तू ठरलेल्या मापात पूर्ण बसते. 'रिपेअर' केल्यावर ती वापरण्याजोगी होते, मापात बसेलच असं नाही. 'स्क्रॅप' म्हणजे भंगारात. मुलाखतीत हा फरक ज्याला सांगता येतो, त्याचं इंग्रजी तुटकं असलं तरी समोरच्याला कळतं की याला काम समजतं.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. तलाठी भरतीच्या २०२३ च्या परीक्षेत इंग्रजीचे २५ प्रश्न होते, ५० गुणांचे. अशा परीक्षांत 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' हा प्रकार ठरलेला असतो, आणि व्याख्येवरून शब्द सांगणं म्हणजे तेच. फक्त शेकडो शब्दांच्या यादीवर तुटून पडू नका, शब्दांची कुळं धरा. कृषी सेवा केंद्रात उभं राहून डब्यांवरची नावं वाचा: 'पेस्टिसाइड', 'इन्सेक्टिसाइड', 'फंगिसाइड', 'हर्बिसाइड'. शेवटचा 'साइड' म्हणजे मारणारं. कांद्यावर औषध फवारणाऱ्या घरात बुरशीनाशक आणि तणनाशक यांतला फरक कुणाला समजावून द्यावा लागत नाही. आता 'होमिसाइड' म्हणजे माणसाची हत्या आणि 'जेनोसाइड' म्हणजे एखाद्या समाजाचा संहार, हे दोन शब्द त्याच कुळात आपोआप बसतात. 'लॉजी', 'फोबिया', 'क्रसी' ही कुळं अशीच धरून गोळा करा, पण एका कुळातले नवे शब्द वेगवेगळ्या संचांत टाका.

पालकांसाठी. 'आम्हाला इंग्रजी येत नाही, मग पोराचं काय बघणार?' असं पुष्कळ आया म्हणतात. तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही. रात्री जेवणं झाली की मुलाला एक तुकडा उचलायला सांगा आणि त्या शब्दाचा अर्थ तुम्हाला मराठीत समजावून द्यायला लावा. नुसता प्रतिशब्द नको. कोण म्हणतं, कधी म्हणतं, कशाला म्हणत नाहीत, हे त्याने सांगायचं. तुम्हाला समजलं तर त्याला समजलं आहे. तुम्हाला समजलं नाही, तर तो तुकडा पहिल्या डब्यात जाईल. शिक्षकांनाही एक विनंती: संच मुलांनाच बनवायला द्या. एका गटाने प्रश्न काढावा, दुसऱ्याने सोडवावा. न जुळणाऱ्या दोन व्याख्या शोधताना मुलं शब्दाच्या जितकं जवळ जातात, तितकी उत्तर लिहिताना जात नाहीत.

या पद्धतीला मर्यादाही आहे. तुकड्यांवर शब्द कळतो, पण तो कुणाच्या शेजारी बसतो हे कळत नाही. 'मेक अ मिस्टेक' म्हणायचं की 'डू अ मिस्टेक', हे कुठल्याही व्याख्येत लिहिलेलं नसतं. ते वाचनातूनच येतं. पारनेरला १८८० साली जन्मलेले सेनापती बापट १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेले आणि पुढे त्यांनी योगी अरविंदांचा 'द लाइफ डिव्हाइन' हा भारदस्त ग्रंथ मराठीत आणला. तसलं प्रभुत्व पुस्तकांच्या सहवासानेच येतं. तेव्हा तुकड्यांचं काम रोज वीस मिनिटांत आटपा आणि उरलेला वेळ सोप्या इंग्रजी गोष्टी वाचण्यात घाला. ज्या पानावर चार-पाचपेक्षा जास्त शब्द अडतात, ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा आणि त्याहून सोपं घ्या. वाचताना अडलेले शब्द पुढच्या संचात येऊ द्या.

शब्द किती झाले, हे मोजण्याच्या मागे लागू नका. रोज आठ नवे शब्द घेण्याची गरज नाही. आठवड्याला दोन संच पुष्कळ झाले, पण ते तिन्ही डब्यांतून पार झाले पाहिजेत. या आठवड्यात शाळेत जो इंग्रजीचा धडा चालू आहे, त्यातली आठ क्रियापदं निवडा आणि पहिला संच आजच करायला घ्या.